पहिल्या वर्षी वेलीकडे काही मागू नकोस

कुंपणाचा फोटो पाहिला गं. जागा मोठी आहे, माती काळसर दिसतेय, सगळं छान. पण तू ज्या कोपऱ्यात बियरसाठी हॉप्सच्या वेली लावायच्या म्हणतेस तिथे लावू नकोस. मागे शेजाऱ्यांचं फरचं झाड आहे, दुपारी दोननंतर तो कोपरा सावलीत जाणार. या वेलीला उन्हाळ्यात रोज सहा ते आठ तास सरळ ऊन हवं. त्यापेक्षा गॅरेजची दक्षिणेकडची भिंत बघ. तिथे छपराच्या कडेपर्यंत दोरी नेता येईल. फक्त इथल्या पावसाळ्यात, म्हणजे आत्ता जानेवारी-फेब्रुवारीत, भिंतीशी पाणी तुंबत नाही ना एवढं पाहून ठेव. तुंबलेल्या पाण्यात हिचा गड्डा कुजतो.

आणि पाच वेली नकोत, दोन लाव. परवा फोनवर मी नीट बोलले नाही, कारण हातात काम होतं आणि हे घाईत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज निवांत लिहितेय.

दोनच का? हिशेब सोपा आहे. चांगली रुजलेली एक वेल तिसऱ्या वर्षापासून अर्धा ते पाऊण किलो वाळलेली बोंडं देऊ शकते. इथे त्यांना कोन म्हणतात, मी आपली बोंडंच म्हणते. तुम्ही घरी एका वेळी पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर बियर करता. तिला वासापुरती तीस ते साठ ग्रॅम बोंडं पुरतात. म्हणजे एकाच वेलीत दहा-बारा वेळचं होतं. आणि ती बोंडं तोडायची कोणी? एक वेल एकटीने हाताने तोडायला अख्खी दुपार जाते. पाच वेली लावल्यास तर ऑगस्टअखेरीला तुझे सगळे शनिवार-रविवार त्यातच जातील, निम्मी बोंडं वेलीवरच तपकिरी होतील आणि तुझं मन या कामातून उठेल. हौस टिकवायची असेल तर ती हातात मावेल एवढीच ठेव.

मी इथे ऑरेगनमध्ये, हिल्सबरोला आले तेव्हा मला हॉप्स म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. सेलमकडे जाताना रस्त्याच्या कडेला खांबांच्या आणि तारांच्या रांगा दिसल्या, त्यांवर अठरा फुटांपर्यंत चढलेल्या हिरव्या वेली, आणि मला वाटलं, अरे, हे तर निफाडच्या द्राक्षांच्या मांडवासारखं, फक्त कोणीतरी उभं करून ठेवलंय. गाडी थांबवून मी तिथे उभी राहिले. परदेशात येऊन वर्ष झालं होतं आणि पहिल्यांदाच एखादं शेत मला ओळखीचं वाटलं. माझी सुरुवात बियरपासून नाही झाली गं, त्या मांडवापासून झाली.

आपण राहतो ती दरी या वेलीची जुनी जागा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सगळ्यात जास्त हॉप्स ऑरेगनमध्ये पिकत. सेलमजवळचं इंडिपेन्डन्स गाव तर स्वतःला जगाची हॉप-राजधानी म्हणवत असे. तोडणीला पोर्टलंडहून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, शेतातच तंबू ठोकून राहायची, लहान मुलंसुद्धा टोपल्या भरायची. मग १९३०च्या सुमारास इथल्या मळ्यांवर डावणीचा रोग आला. आपल्या द्राक्षांवर जी डावणी येते तिची ही चुलत बहीण. पुढे हॉप्सचा मोठा पसारा वॉशिंग्टन राज्यातल्या यकिमाच्या कोरड्या खोऱ्यात गेला. आजही अमेरिकेतले बहुतेक हॉप्स तिकडचे. हा इतिहास तुला एवढ्याचसाठी सांगितला, की यकिमाच्या एखाद्या माणसाने त्याची पद्धत सांगितली तर ती जशीच्या तशी उचलू नकोस. त्याच्याकडे वसंतात कोरडी हवा असते. आपल्याकडे जूनपर्यंत पानं ओली.

तू विचारलंस, आईकडे पुण्याला एक तुकडा नेऊन लावला तर? नको. एक तर झाडाचा जिवंत तुकडा असा बॅगेतून विमानाने नेता येत नाही. दुसरं, ही वेल लांब दिवसांची भुकेली आहे. पस्तीस ते पंचावन्न अक्षांशांच्या पट्ट्यात ती खरी फोफावते. पोर्टलंडला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेपंधरा तासांच्या वर जातो, पुण्याला सव्वातेरा तासांच्या आसपास. दिवस लहान मिळाला की ही वेल वाढायच्या आधीच फुलायला लागते आणि कमी उंचीवरच थांबते. भारतात हॉप्स लागतात ते वर हिमाचलात, लाहौलच्या खोऱ्यात. आणि तिसरं म्हणजे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर करणं हा दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा हा विचार सोडून दे.

इथे मात्र कायद्याची मुभा आहे. जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरी बियर करणं देशभरच्या कायद्याने मोकळं झालं. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे. एक बाटलीही विकायची नाही. शेजाऱ्याने कितीही आग्रहाने पैसे पुढे केले तरी नाही.

आता जात कोणती. सिट्रा, मोझाइक ही नावं तुझ्या नवऱ्याने घेतली असतील, सगळेच घेतात. त्यांच्यावर पेटंट आहे, घरी लावायला त्यांचा कंद मिळत नाही. कोणी विकतो म्हणाला तर घेऊ नकोस. तू कास्केड लाव. ही आपल्याच दरीतली लेक आहे. कोर्व्हॅलिसला, सरकारी कृषी संशोधकांनी तिथल्या विद्यापीठाच्या बरोबरीने तयार केलेली. काम १९५६ मध्ये सुरू झालं आणि जात बाहेर आली १९७२ मध्ये. एवढी वर्षं एका वेलीसाठी! नाव कास्केड डोंगररांगेचं. ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा, थोडा फुलांसारखा वास. अमेरिकन पेल एल म्हणून आज जी चव लोक ओळखतात ती पुष्कळशी हिचीच. ती इथे दणकून वाढते आणि नवख्या हातांच्या चुका पोटात घालते. दुसरी हवी तर विलॅमेट, १९७६ची. सौम्य, किंचित मसाल्याच्या वासाची. दोघींमध्ये पाच फुटांचं अंतर ठेव, नाहीतर जुलैत कुठलं बोंड कोणाचं ते तुला कळणार नाही.

मार्च-एप्रिलमध्ये इथल्या नर्सरीत आणि घरगुती बियरचं सामान विकणाऱ्या दुकानांत कंद मिळतात. करंगळीएवढा जाड, सुकल्या मुळीसारखा तुकडा. तो बघून हिरमुसू नकोस. त्यावर दोन तरी जिवंत पांढरट डोळे आहेत एवढं बघ. बाहेरच्या राज्यातून मागवू नकोस, रोग येऊ नयेत म्हणून ऑरेगनमध्ये त्यावर बंधनं आहेत. मादी वेलच मिळते, कारण बोंडं तिलाच येतात. नर वेल जवळ असली तर बोंडांत बी धरतं, आणि बियरसाठी ते नको असतं. मातीत चांगलं कुजलेलं खत मिसळ, जरा उंचवटा कर, कंद आडवा, डोळे वर, दोन-तीन इंच मातीखाली. आळं खोल करू नकोस. गावाकडे पाणी धरायला आळं करतात, इथे पाणी निघून जायला उंचवटा करायचा.

आणि इथे मी तुला हात धरून थांबवते. पहिल्या वर्षी वेलीकडे काही मागू नकोस.

हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात ती वेल आठ-नऊ फूट गेली, वर मूठभर बोंडं आली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. आणखी खत घातलं, आणखी पाणी. अगं, ती खाली काम करत होती. पहिलं वर्ष मुळांचं. जमिनीवरचं सगळं दर हिवाळ्यात मरतं, पण खालचा गड्डा वीस-वीस वर्षं जगतो. बोंडं आलीच तर तोड, वास घे, पण वेल तेवढ्यासाठी मुळाशी कापू नकोस. पानं पिवळी पडेपर्यंत राहू दे, त्यांतला कस खाली उतरू दे. दुसऱ्या वर्षी निम्मं पीक, तिसऱ्या वर्षी पूर्ण. नव्या घरात, नव्या देशात आलेल्या माणसालाही लोकांनी एवढा वेळ दिला असता तर किती बरं झालं असतं, असं मला तेव्हा फार वाटायचं.

दुसऱ्या वर्षापासून एक काम जिवावर येईल, पण करायचंच. वसंतात जमिनीतून पहिले कोंब येतात ते जाड, लाल-जांभळे, भराभर वाढणारे. बघून जीव हरखतो. ते कापून टाक. आतून पोकळ असतात, वाऱ्याने मोडतात आणि पुढे धरत नाहीत. त्यांच्यामागून येणारे जरा बारीक, चिवट कोंब मेच्या मध्यावर दोरीवर चढव, प्रत्येक दोरीवर दोन किंवा तीन. बाकी सगळे काढ. कापलेल्या कोंबांची लसूण-मिरची घालून भाजी होते, सुंदर लागते. मात्र २०२१ मध्ये बिहारमध्ये हॉपचे कोंब लाख रुपये किलोने विकले जातात अशी बातमी फिरली होती, ती खोटी निघाली. गावाकडून कोणी विचारलं तर तेवढं सांग.

चढवताना दिशा सांभाळ. ही वेल देवाला प्रदक्षिणा घालावी तशीच फिरते, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटी गुंडाळलीस तर दुसऱ्या दिवशी सुटून पडलेली सापडेल. तिला द्राक्षासारखे ताणे नसतात, अंगावर बारीक आकड्यांसारखे केस असतात, त्यांनी ती धरते. म्हणून गुळगुळीत नायलॉनची दोरी नको. खरखरीत काथ्याचा सुंभ घे. इथले मोठे शेतकरीही काथ्याचाच वापरतात, नारळाच्या मुलखांतून येणारा. जूनमध्ये ही वेल एका दिवसात फूटभर वाढलेली मी मोजलेली आहे.

त्या सुंभावरून तुला एक सांगते. घरात फार कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, गळ्यात माळ. आमच्या घरात दारूचं नावही निघत नसे. मी वेल लावली हे त्यांना सांगायला मला तीन वर्षं लागली. तिसऱ्या ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, तुझ्यामागे हे काय हिरवं दिसतंय? मी सांगितलं. कशासाठी असते तेही सांगितलं, खोटं नाही बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, फोन खाली धर, बुंधा दाखव. पाहिला. म्हणाले, खालची पानं काढ की, वारा कुठून खेळणार? डावणी येईल. आणि ही वांझफूट कशाला ठेवलीस? सुंभ मात्र बरा निवडलास. बियरबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढेही कधी नाही. पण दर मे महिन्यात विचारतात, कोंब चढवले का. तुझ्या सासूबाईंना सांगायची तुला धास्ती आहे ना? वेल दाखव आधी. लपवलेलं फडताळात सापडण्यापेक्षा ते बरं.

अण्णांचं बरोबर होतं. त्याच्या पुढच्याच वसंतात माझ्या विलॅमेटवर डावणी आली, कारण मी संध्याकाळी वरून फवाऱ्याने पाणी देत होते. बुंध्याशी कोंब खुरटतात, पानं पिवळट होऊन खाली वळतात, खालून राखाडी-काळी बुरशी दिसते. असा कोंब दिसला की मुळापासून उपट आणि कचऱ्यात टाक, खतात नाही. वेल डोक्याच्या वर गेली की खालची तीनेक फूट पानं काढून बुंधा मोकळा ठेव. पाणी सकाळी, मुळाशी, ठिबकने. नत्राचं खत मे-जूनमध्ये भरपूर लागतं, पण फुलं धरायला लागली की बंद. जुलैच्या कोरड्या उन्हात पानांखाली लाल कोळी येतो, त्याआधी मावा. घरच्या दोन वेलींना पाण्याचा जोराचा झोत आणि लेडीबग कीटक एवढं पुष्कळ होतं. औषध मारायची घाई करू नकोस, हेच बोंड उद्या तुझ्या पातेल्यात जाणार आहे.

तोडणीची वेळ पुस्तकात नाही, बोटांत आहे. ऑगस्टच्या मध्यापासून रोज एक बोंड दाब. कच्चं असेल तर ओलसर, मऊ लागतं आणि दाबलेलं तसंच राहतं. तयार झालं की कागदासारखं वाजतं, दाब सोडला की परत फुगतं. उघडून बघ, पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड दिसेल. ती ल्युप्युलिन. कडूपणा, वास, सगळं तिच्यात. बोटावर चोळ, चिकट तेल लागेल. तोडताना बाह्या लांब घाल, वेलीचे केस हाताला ओरखडे काढतात आणि काहींना पुरळ येतं. मी बायकांना बोलावते. वेल खाली उतरवून मधे ठेवते, गोल बसतो आणि तुरीच्या शेंगा सोलाव्यात तशा गप्पा मारत तोडतो.

त्याच दिवशी वाळवायला घे. ताज्या बोंडात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. पाचशे ग्रॅमची वाळून सव्वाशेच्या आसपास राहतात. खिडकीच्या जाळीवर पातळ पसर, खाली पंखा, उन्हात नाही. उष्णता वापरलीस तर ६० अंश सेल्सिअसच्या खालीच ठेव, नाहीतर वास उडून जाईल. बोंडाच्या मधली काडी वाकली तर अजून ओलं आहे, कट्कन मोडली तर झालं. मी एका वर्षी या काडीकडे लक्ष न देता पिशव्या भरल्या. महिन्याने उघडल्या तर जुन्या चीजसारखा वास, सगळं फेकलं. हवा काढून घट्ट बंद कर, वर तारीख आणि जात लिही, आणि थेट फ्रीझरमध्ये.

आता पातेल्याजवळ. विकतच्या पाकिटावर अल्फा ॲसिड किती टक्के ते छापलेलं असतं, तुझ्या बोंडांवर नाही. उकळताना हेच ॲसिड बदलून कडूपणा देतं. ते किती आहे हे ठाऊक नसताना तासभराच्या उकळीत घरचे हॉप्स घातलेस तर कधी फिकं, कधी काढ्यासारखं. म्हणून कडूपणासाठी पाकीट विकत घे. घरचे शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घाल, किंवा आच बंद केल्यावर, किंवा आंबणं संपल्यावर गार बियरमध्ये. वासाची तेलं उडून जाणारी असतात, ती तिथेच वाचतात. वर्षातून एकदा ओल्या, न वाळवलेल्या बोंडांची बियर कर. सकाळी तोडायची, दुपारी पातेल्यात. वजनाने पाच-सहा पट घालावी लागतात. ती फक्त ज्याच्या परसात वेल आहे त्यालाच सहज मिळते.

तुला हे काम परकं वाटू देऊ नकोस. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करणाऱ्या बायकांतली तू. बार्लीचं माल्ट म्हणजे तेच. युरोपातही शेकडो वर्षं घरची बियर बायकाच करत. हॉप्सच्या कडूपणाने पेय टिकतं हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या मठवासी बाईने लिहून ठेवलं आहे.

एक मात्र अगदी कळकळीने सांगते. तुमचा कुत्रा. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत, ताजे, वाळलेले आणि बियरमधून गाळून काढलेलेही. गाळलेल्यांचा धोका तर फारच, कारण तो चोथा गोड असतो आणि कुत्रे धावत जाऊन खातात. अंगातला ताप भराभर चढतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. चोथा कधीही खताच्या ढिगावर टाकू नकोस. पिशवीत बांधून, झाकणाच्या कचरापेटीत. वेलीला खाली जाळी लाव. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी थांबू नकोस, प्राण्यांच्या तातडीच्या दवाखान्यात घेऊन जा. आणि तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय असं म्हणालीस, ते सुरू झालं की वेलीची सगळी कामं कर, पण ग्लास बाजूला ठेव. पातेलं कुठे जात नाही, वेलही नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या गड्ड्यांभोवती फावडं मारून बाहेर पळालेले मुनवे काढते, नाहीतर ते सगळ्या वाफ्यात पसरतात. त्यातला कास्केडचा तुकडा तुझा. विलॅमेटचा देणार नाही. तिला डावणी होऊन गेली आहे आणि ती गड्ड्यात राहते, ती तू नर्सरीतून निरोगी घे. शनिवारी सकाळी ये, येताना ओलं वर्तमानपत्र आणि एक पिशवी आण. तोवर गॅरेजच्या भिंतीशी पाणी तुंबतं का, ते बघून मला कळव.